निधान नावाचं फंक्शन

मे महिन्यातल्या दुपारी सोलापुरात भुतंसुद्धा बाहेर पडणार नाहीत, असं मी चेष्टेनं म्हणायचो. आफरीनची हकीकत ऐकल्यापासून म्हणत नाही.

अशाच एका दुपारी आफरीन होटगी रोडला आपल्या सरांच्या घरी गेली ती साध्याच कामाला. तिला प्रोग्रॅमिंग शिकवणारे शिवलिंगप्पा सर वारून वर्ष होत आलं होतं. त्यांच्या पत्नीचा, अक्कम्माकाकूंचा, आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला, तेव्हा सरांनी घरीच त्यांच्यासाठी एक टेक्स्ट एडिटर लिहिला. काकूंनी टाइप करायचं, स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत उमटायचं. आमटीतल्या मिठापासून मनातल्या दुखण्यापर्यंत काकूंचं सगळं बोलणं तेवढंच. आता जुना कॉम्प्युटर बिघडला, आणि नव्यावर एडिटर उघडला की गोठायचा. काकू पुन्हा मुक्या झाल्या होत्या.

"आजच करून देते, काकू," आफरीन म्हणाली. काकूंनी नुसती मान हलवली.

सरांचा कोड म्हणजे काय सांगू! बटण दाबलं की अक्षर उमटायचं, एवढंसं काम. त्याला ढीगभर फंक्शनं, म्हणजे कोडचे छोटेछोटे तुकडे, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. माणूस लई गुणाचा, पण लिहिलेली एक ओळ टाकून देईल तर शपथ! आफरीननं ओढणी खोचली. सारखी फंक्शनं एकत्र केली, बिनकामाच्या ओळी उडवल्या. शेवटी ठेवावं की उडवावं, असं एकच राहिलं. त्याचं नाव 'निधान'.

निधान म्हणजे कानडीत सावकाश. सर उठता-बसता हेच म्हणायचे. आंघोळ करून विभूती लावली की हात न पुसता कीबोर्डवर, त्यामुळं बटणं कायम पांढरी. आफरीन घाईनं टाइप करायला लागली की मागून येऊन तिच्या मनगटावर तीन बोटं ठेवायचे. "निधान, निधान... गाडी सुटायलीय काय तुजी?"

फंक्शन तरी काय करत होतं? प्रत्येक बटणानंतर क्षणभर थांबत होतं, बस्स. "माफ करा सर," म्हणून तिनं तेही उडवलं.

एडिटर फटकन उघडला. काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी थरथरता हात कोऱ्या काळ्या कीबोर्डवर नेला आणि स्क्रीनवर उमटलं, 'चचचचहहहघघघ'.

आफरीनला आत्ता कळलं. काकूंचा हात कापतो, एकेक बटण तीनचारदा दाबलं जातं. ते जादाचं गाळायलाच सरांनी थांबायची सोय केली होती, आणि आपण शहाणीनं ती उडवली! काकूंनी हात मागं घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"या अल्ला... थांबा काकू, आत्ता परत घालते!" ती आपल्या लॅपटॉपकडं वळली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शेजारचा यंत्रमागही बंद होता. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. खट... मग बराच वेळ काहीच नाही. खट... खोलीत ओल्या विभूतीचा वास पसरला, कुणीतरी नुकतंच आंघोळ करून आल्यासारखा. आफरीनच्या अंगावर सर्रकन काटा आला. वळून बघायचं धाडस होईना. तरी वळली.

स्क्रीनवर स्वच्छ लिहिलं होतं, 'चहा घेणार का?'

"काकू... हात कापत नाही आता?"

हात कापतच होता, कोपरापासून. मनगटाच्या पुढं मात्र एकदम स्थिर. बोट सावकाश बटणं शोधत राहिलं.

'कापतोय की. त्यांनी धरलाय.'

आफरीन लॅपटॉपकडं सरकली. "मी... मी ते फंक्शन परत घालते, काकू."

काकू हसल्या. सर गेल्यापासून तिनं त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं.

'नको गं. ते घातलंस तर हे कशाला येतील?'

चहा तिनं कसाबसा संपवला. पण निघताना काकू टाइप करत बसलेल्या दिसल्या आणि तिला इतकं बरं वाटलं, की भीती निम्मी पळाली. उरलेल्या निम्म्या भीतीनं तिनं स्कूटी चालू केली आणि जोरात रेस दिली.

उजव्या मनगटाला गार लागलं. बघते तर विभूतीची तीन बोटं उमटलेली.

मग ती अगदी सावकाश गाडी चालवत निघाली. सात रस्ता चौक आला, ऊन नुसतं भाजत होतं, तरी ती बोटं ओलीच होती.