फोटोतून पुसलेली गाठ

फोटोत शिवकन्याच्या जबड्याच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या होत्या. खऱ्या चेहऱ्यावर उजवी बाजू सुपारीएवढी वर आलेली होती, गेली तीन वर्षं.

स्थळांना पाठवायचे हे फोटो आणायला मामांनी तिला सेलूच्या स्टुडिओत धाडलं होतं. तिने पाकीट काउंटरवर परत ठेवलं.

“माझी गाठ काढायला तुमाला कुणी सांगितलं?”

“तुमच्या मामांनी. फोनवर फोटो पाठवला, म्हणले, तेवढं साफ करा.” स्टुडिओवाल्या भागवतने मान वर केली आणि बघतच राहिला... “दोन मिनिटांचं काम होतं.”

“अन् खरी गाठ काढा म्हणून मला तीन वर्षं झाली घरी सांगून.”

तो ओशाळला. मग हळूच म्हणाला, “दुखतं का?”

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. घरात सगळे एवढंच विचारायचे – दिसतं का.

“दुखत न्हाई. दात घडवणाऱ्या पेशींची गाठ हाय, सहसा कुणाला होत न्हाई. कॅन्सर न्हाई, पण आतून हाड खायलीय. जितका उशीर, तितकं जास्त कापावं लागंल म्हणले डॉक्टर.”

“मग थांबलात कशाला?”

“टाके दिसले तर स्थळ मोडंल म्हणून. माझं हाड झिजलं तर चालतंय त्यांना.”

पुढच्या आठवड्यात ती एक्स-रे घेऊन आली. घरच्यांना दाखवायला मोठा करून हवा होता. भागवतने तो खिडकीच्या काचेवर धरला. काळ्या पोकळीभोवती हाड पातळ रेघेएवढं उरलं होतं.

“मोठा करून देतो, पण ह्यातलं काय पुसणार न्हाई,” तो म्हणाला. “दात मात्र लय सरळ हायत तुमचे.”

“एवढंच दिसलं?”

“बाकीचं... सांगितलं तर चिडाल.”

ती हसली, गालावर ओढणी न धरता. त्याने कॅमेरा उचलला, विचारलं, आणि ती हो म्हणाल्यावरच बटण दाबलं. उजव्या बाजूने.

शनिवारी ती तो फोटो घ्यायला आली, तर मागोमाग मामा.

“उद्या पाहुणे यायलेत. तो साफ केलेला द्या.”

“तो मी पुसून टाकला, मामा.” भागवतने नवा फोटो पुढे ठेवला.

मामांचा आवाज चढला. “जबडा कापल्यावर हिला करील कोण?”

“मी—”

“तुमचं नंतर,” शिवकन्याने त्याला थांबवलं. तिचे कान मात्र तापले होते. ती मामांकडे वळली. “पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवा, मामा. सोमवारी मी ऑपरेशनला जाणार हाय.”