कुत्री सरल्यावर

"कंदील बारीक करा रे पोरांनो, डोळ्यांवर येतोय," म्हणत तोताराम आबांनी घोंगडी पायावर ओढली आणि भाईदासचं सांगायला लागले. शिरपूरकडचा भाईदास, त्यांच्या शेताशेजारचा. साल त्र्याहत्तर, पौषातली अवस.

आदल्या पावसाळ्यात पाऊस झालाच नव्हता. सातपुड्यातली हरणं पाण्यावाचून मेली, तसा बिबट्या खाली उतरला. आधी बकऱ्या उचलल्या. लोकांनी उरलेल्या बकऱ्या विकल्या, तेव्हा त्यानं कुत्री धरली. एकेक करून बठ्ठी, सगळीच सरली. गाव रात्री मुकं झालं. आता पाळी कोणाची, हे कोणी बोलत नव्हतं. पण बाया लेकरांना मधे घेऊन निजायच्या.

त्या दिवशी दिवेलागणीला भाईदासच्या बायकोला, शेवंताला, कळा सुरू झाल्या. शेजारच्या पाड्यावरून भिकुबाई सुईणीला आणायला तो कंदील, कुऱ्हाड घेऊन निघाला.

नाल्यापाशीच ती भेटली. पदर पुढे ओढलेला, तोंड दिसत नव्हतं; पदर धरलेल्या हातात हिरव्या बांगड्या.

"मी तुनाकडेच निंघनू, भाऊ. चाल."

त्याला हायसं वाटलं. वाट निम्मी झाली आणि मनात आलं, हिच्याच हातावर आपण जन्मलो. ही आपल्याला 'पोऱ्या' म्हणते. भाऊ कधीपासून?

पाचोळा वाजत होता. फक्त त्याच्याच पायाखाली.

"गावमा कुत्रा शेतस का?" तिनं मागून विचारलं.

"नहीत."

"एक बी नही?"

त्यानं पाय उचलले.

"तुनं घर कोठे शे?"

त्याच्या मानेवर काटा आला. जिथं हिनं आपली नाळ कापली, ते घर ही विचारतेय?

त्यानं मागे पाहिलं नाही. घरावरून तसाच पुढे गेला. गावाच्या टोकाला त्याचा बकऱ्यांचा गोठा होता. रिकामा. दगडी भिंती, वर पत्रे.

"हाईच. जाय."

ती वाकली. आत शिरली. त्यानं दार ओढलं. कडी घातली.

हाक नाही. शिवी नाही. नुसता श्वास... दाराच्या फटीशी... कोणीतरी हुंगतंय तसा...

तो पळाला. घरात पाऊल टाकलं, तर चुलीशी भिकुबाई हात धूत होती.

"कोठे व्हता रे पोऱ्या? रतिलाल दुकानदारनी गाडीमा उनू मी, वरना रस्तावरतून. पोर व्हयनी तुले."

भाईदास रात्रभर दाराला पाठ लावून बसला. कुऱ्हाड मांडीवर.

सकाळी माणसं जमवून गोठ्याकडे गेला. कडी तशीच. पत्रा हललेला नाही. आत... कोणी नाही.

दाराला आतून ओरखडे होते. नखांचे. खोल.

आबांनी घोंगडी छातीशी ओढली.

"ते दार मी पाहिलंय," ते म्हणाले. "एका ओरखड्यात... हिरव्या बांगडीचा तुकडा रुतला होता."