थुंकीची चावी

आमच्या काल्हेरच्या शाळेत एक रीत आहे. सव्वीस जानेवारीच्या आधी बँडची वाद्यं मुलांच्या घरी पाठवतात आणि ती आयांनी घासूनपुसून द्यायची. ढोलवाल्यांच्या आया सुटतात, फडकं मारलं की झालं. माझ्या रुचिकाकडे ट्रम्पेट होतं.

मला मुळात उष्ट्याची किळस. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याच्या ग्लासातून मी अजून पाणी प्यायलेली नाही. आणि हे म्हणजे कुणाकुणाच्या पोरांच्या थुंकीने भरलेलं पितळ. मोरीत बसून नळ्या सुट्या केल्या, साबणाचं कोमट पाणी ओतलं आणि लांब ब्रश आत घातला. बाहेर आलं ते सांगण्यासारखं नाही, पण सांगते. हिरवट, शेंबडासारखी तार येणारं, मध्ये काळे कण, आणि वास फुलदाणीत आठवडाभर राहिलेल्या पाण्याचा. पाणी नितळ येईपर्यंत धूत राहिले. मग गच्चीवर उन्हात ठेवलं.

ट्रम्पेटच्या वळणाला एक छोटी चावी असते. वाजवताना साठलेली थुंकी ती दाबून काढतात. पोरं तिला थुंकीची चावीच म्हणतात. दुपारी आणायला गेले तेव्हा सहज दाबली, तर तळहातावर घट्ट लाळ पडली. उन्हाने तापलेलं धुण्याचं पाणी असेल म्हणावं, तर त्यात मेथीचं चावलेलं पान होतं.

त्या दिवशी रुचिकाच्या डब्यात मेथी दिली होती. रुचिका शाळेत होती.

जुनं काहीतरी अडकलं असेल, असं मी स्वतःला बजावलं आणि कोपरापर्यंत हात धुतले.

शाळेच्या बँडमध्ये हे ट्रम्पेट वाजवायला लागल्यापासून पोर वाळत चालली होती. युनिफॉर्मचा स्कर्ट पिन लावून घट्ट करायचे. नारपोलीच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. माझ्या सासूबाई, जानकीबाई, रोज तेच म्हणायच्या, "दोन दोन भाकऱ्या खाते पोर, पन अंगाला लागत न्हाय. नजर हाय कोनाची तरी." असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही.

तरी दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम डब्यात बीट दिलं. आमच्या घरात बीट कधी शिजत नाही. मधल्या सुट्टीच्या सुमाराला ट्रम्पेट घेऊन मोरीत बसले आणि चावी दाबली. आधी लाल पाणी आलं. मग चघळलेला चोथा. मग पोळीचा लगदा, लाळेत भिजलेला. मी तिथेच ओकले.

संध्याकाळी रुचिका म्हणाली, "डबा सगळा संपवला आई. पण पोट रिकामंच वाटतंय गं."

ते घाणेरडं पितळ खाडीत फेकायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. पण शाळेची वस्तू, म्हणून रविवारी आणखी एकदा धुवायला घेतलं. राग होता, साबण दुप्पट घातला. रुचिका हॉलमध्ये कॉटवर पडून होती, उठायचंही त्राण नव्हतं तिला.

"आई," ती आतूनच म्हणाली, "तोंडात साबण येतोय."

धावत गेले. तिच्या ओठांवर फेस होता.

म्हणजे माझ्या हातानेच मी माझ्या लेकीला साबण पाजत होते. परत मोरीत आले आणि ट्रम्पेटमध्ये नुसतं साधं पाणी ओतत राहिले. ती "गेली चव" म्हणाली तेव्हा थांबले.

मग पेज केली. मीठ घातलं. फुंकायच्या माउथपीसमधून चमच्याने ओतली.

चावी दाबली. खालून थेंबही आला नाही.

हॉलमध्ये रुचिकाने घोट गिळला.

सरांना सांगितलं की ट्रम्पेट हरवलं. त्यांनी तिला दुसरं दिलं, आणि तिने ते परेडमध्ये छान वाजवलं. तिचे गाल भरलेत. सासूबाई म्हणतात, त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळल्या म्हणून नजर उतरली. म्हणोत.

पण वाढत्या पोरीला पेज किती दिवस पुरणार? भाकरी नळीतून जात नाही. मिक्सरमध्ये वाटून घातली तर चावीतून तशीच परत येते.

चावलेलीच लागते.

ती ताटावर बसते, जेवल्यासारखं करते. मी मोरीचं दार लावून घेते. भाकरी, बोंबलाचं कालवण, जे असेल ते तोंडात बारीक करते आणि माउथपीसला ओठ लावून आत सोडते. पहिल्यांदा प्रत्येक घासाला ओकारी यायची. आता येत नाही. तिला यातलं मी अवाक्षरही सांगितलेलं नाही.

काल शेवटचा घास सोडला आणि तोंड पुसलं. दाराबाहेरून रुचिका हळूच म्हणाली,

"आई, डाव्या दाढेनं चावू नकोस ना. तिथलं रक्त लागतं."