लिंबाच्या पानावरचा ठिपका

लोक माझ्या रोपवाटिकेत येतात ते टवटवीत रोप मागायला. या पोराने पहिल्याच दिवशी लिंबाच्या कुंड्यांपाशी बसकण मारली आणि म्हणाला, “आजी, यातलं सगळ्यात रोगट पान मला द्याल?”

अशी कुठे रीत असते?

मी हाकलणार, तेवढ्यात माझी नात कामावरून आली. झाडांना रोग लावणाऱ्या बुरश्या ओळखायच्या, तसली वाळलेली पानं पाकिटांत जपायची, ही तिची नोकरी. हा तिच्याच कचेरीत नव्याने आलेला निघाला.

“ते पान माझं आहे हं,” ती म्हणाली. “कधीची डोळा ठेवून आहे मी त्यावर.”

“मग अर्धं-अर्धं?”

“ठिपका एकच आहे.”

“मग… दोघं मिळून बघू?”

तिने पान खुडायला तोंड फिरवलं. हसू मात्र मला दिसलं.

मग काय, रोज एका सूक्ष्मदर्शकावर दोन डोकी! ही बुरशी आजवर कुणी पाहिलीच नाही, असं त्याचं मत पडलं. नव्या बुरशीचं नाव शोधणाऱ्याने ठेवायचं असतं म्हणे. याने ठेवलं माझ्या नातीचं. सडक्या पानाला! मी कपाळावर हात मारला. पोरगी मात्र लाजून कुंड्यांना दोन-दोनदा पाणी घालत सुटली.

आणि एक दिवस रडतच घरी आली. कचेरीत जपलेल्या जुन्या पानांत तिला हुबेहूब तीच बुरशी सापडली होती. कुणीतरी फार पूर्वीच तिचं बारसं करून ठेवलेलं. पहिलं नाव तेच खरं, असा त्यांचा नियम.

“सांगितलं तर त्याचा शोध जाईल, आजी… आणि कदाचित तोही.”

“मग नको सांगूस.”

“मग त्याच्या डोळ्यांत बघू कशी?”

तिने सांगितलं. तो नुसतं “बरं” म्हणाला आणि गेला. पुढे फिरकला नाही. फाटक वाजलं की पोरगी दचकायची.

काल संध्याकाळी रिमझिमीत भिजत फाटकाशी उभा!

“रागावलायस?” नातीने विचारलं.

“स्वतःवर. जुनी पानं ताडून न बघताच नाव दिलं. घाई झाली… तुझं नाव कुठेतरी लिहायचंच होतं मला.”

“का?”

हा फाटकाची कडी चाळवतोय. ही कुंडीतली माती उकरतेय. पाऊस तेवढा बोलतोय. मला राहवेना.

“हे बघ, शोध गेला तरी तू परत आलास, चूक कबूल केलीस. माझ्याकडून होकार. पण तो माझा झाला. तिचा तुला मागावा लागेल, तोंड उघडून, आत्ताच. मी आत जाते. दार उघडं ठेवतेय, मला ऐकू येईल असं बोल.”