तीन शिट्ट्यांची डाळ

माझी सून केतकी गेले दोन महिने माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. दाराला वीतभर काच आहे. तिच्या पलीकडे उभी राहते, बोलयंत्राच्या जाळीतून "आई, बऱ्या आहात ना?" एवढं विचारते, आणि आत जेवायला बोलावलं की म्हणते, "नको, इथेच द्या." मग मी तिचं ताट दुदारीत ठेवायचं. दुदारी म्हणजे भिंतीतला दोन दारांचा खण. आतलं दार लागल्याशिवाय बाहेरचं उघडत नाही. माझ्या हातचं खाऊन लहानाचे मोठे झालेले लोक अजून नाव काढतात, आणि घरची सून बोळात उभ्याने जेवते! बघणाऱ्याला वाटावं, सासूच किती जाच करत असेल.

आमची वस्ती चंद्राच्या पोटात आहे. फार पूर्वी तिथून तापलेला रस वाहून गेला आणि मागे भुयार राहिलं. त्या पोकळीत वसली म्हणून पोकळवाडी. माझा मुलगा दिगंबर ध्रुवाकडच्या बर्फाच्या खाणीवर असतो, सणासुदीला येतो. केतकी इथली दाबप्रमुख, म्हणजे साऱ्या वस्तीतली हवा तिच्या हाताखाली. मी चौथीनंतर शाळेत गेले नाही, पण घर कसं चालवायचं ते मला कुणी शिकवायला नको.

गेल्या वर्षी हवेच्या कोठीवर वरून दगड येऊन आदळला आणि निम्मी साठवण उडून गेली. प्राणवायू इथल्या खडकातून काढता येतो. पण हवेत बाकीचा जो मोठा भाग असतो, नायट्रोजन, तो पृथ्वीवरूनच आणावा लागतो, आणि जहाज काही रोज येत नाही. नुसता प्राणवायू भरला तर एका ठिणगीने वस्ती पेटेल. म्हणून पंचायतीने हवा विरळ केली, उंच डोंगरावर असते तशी. उरलेल्या हवेचा माणशी वाटा ठरवला, त्याला दाबवाटा म्हणतात. आपल्या घरात तो कुठल्या खोलीत किती ठेवायचा, ते ज्याचं त्याने बघायचं.

तेव्हापासून मला धाप लागायला लागली आणि डाळ शिजेनाशी झाली.

धापेसाठी डॉक्टर मुजावर आले. दंडाला पट्टा बांधून म्हणाले, "काकू, दाब छान आहे." मी म्हटलं, "मग झालं तर." ते म्हणाले, "हा हाताचा झाला. विरळ हवेत फुफ्फुसातल्या रक्ताचा दाब वाढतो, आणि तुमचं काळीज त्याने थकतंय. नाकात प्राणवायूची नळी लावू. मात्र नळी लावून शेगडीजवळ जायचं नाही, भडका उडेल." मी त्यांना चहा दिला आणि दार दाखवलं. चूल सोडायची आणि नाकात वेसण घालून खाटेवर बसायचं, ते मला जमणार नव्हतं.

डाळीचं मात्र डॉक्टरांना सांगून उपयोग नव्हता. चंद्रावर सगळंच हलकं, म्हणून दिगंबरने मला कुकरची शिट्टी सहापट जड करून दिली होती. इतकी वर्षं तीन शिट्ट्यांत तुरीची डाळ लोण्यासारखी व्हायची. हवा विरळ झाली आणि पाच शिट्ट्या घेतल्या तरी दाणा दाताखाली यायचा. मी केतकीलाच बोल लावला, की तू डाळ जुनी आणलीस, आणि तुरीचा डबा फळीवर मागे सारला.

थोड्याच दिवसांत तिने नवा नियम काढला. स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली माझी खोली, दोन्ही बंद ठेवायच्या. वाफ बाहेर गेली तर यंत्रं बिघडतात. मीही बाहेर पडायचं नाही, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. त्या आठवड्यात माझ्या कानांना दडे बसायचे. "लवंग चघळा," म्हणाली. पुढे दडे गेले आणि धापही गेली. मी आल्याचा काढा घेत होते, त्याचाच गुण आला असं धरून चालले आणि दिगंबरला फोनवर तसं ठणकावून सांगितलंही.

आज सकाळी कितीतरी दिवसांनी तुरीची डाळ लावली, सवयीने पाच शिट्ट्या घेतल्या आणि झाकण काढलं, तर डाळीचं पिठलं झालेलं. दुसरी वाटी लावली, तीन शिट्ट्यांवर उतरवली. लोण्यासारखी! डाळ तीच, डबा तोच, शेगडी तीच.

मी दारावर थाप मारली. "केतकी! इकडे ये. माझ्या खोलीत काय करून ठेवलंयस?"

ती काचेपाशी आली. ओठ निळसर दिसले. "काय झालं, आई?"

"डाळ तीन शिट्ट्यांत शिजली."

ती हसली आणि मग तिचा चेहरा पडला. "कुकरचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

"दाबप्रमुख ना तू?"

"आई, मी दाब मोजते तो पार शून्यापासून, जिथे हवाच नाही तिथून. कुकर तसा मोजत नाही. बाहेरच्या हवेपेक्षा आतली वाफ किती जोरात ढकलते, तेवढंच त्याला कळतं. बाहेरची हवा अशक्त असली की तो लवकर शिट्टी देतो, पण आतलं पाणी पुरेसं तापलेलं नसतं. डॉक्टरांचा पट्टाही तसाच, बाहेरच्या हवेपासून पुढे मोजणारा. म्हणून तुमचा आकडा छान आला."

"म्हणजे आता माझ्या खोलीतली हवा सशक्त आहे."

"पृथ्वीवर असते तेवढी. हळूहळू भरली."

"कुणाची भरलीस?"

ती भिंतीवरचा दाबाचा काटा बघायला लागली.

"सूनबाई, मी विचारतेय."

"माझा वाटा तुमच्या खोलीत वळवलाय. मी पहाऱ्याच्या कोठडीत झोपते. तिथली हवा आणखी विरळ आहे, पण मी तरुण आहे, सवय होते."

माझे हात पिठाचे होते, तसेच पदराला पुसले. "आणि आत का येत नाहीस? तेवढं सांग."

"आत येणं सोपं आहे, आई. बाहेर जाणं अवघड. दाट हवेत नायट्रोजन रक्तात मुरतो. एकदम विरळ हवेत गेलं की सोड्याची बाटली उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे येतात. ते टाळायचं तर सबंध दिवस नुसता प्राणवायू घेत बसावं लागतं. कुठे गळती लागली तर मला तेव्हाच्या तेव्हा धावायला लागतं. तुमच्या पंगतीला बसले तर वस्ती कोण बघणार?"

"हे आधी सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही घेतलं असतं?"

नसतं घेतलं. ते तिला ठाऊक होतं, हेच मला झोंबलं.

"बाकीच्या घरांत काय करतात?" मी विचारलं.

"ज्याचं त्याने ठरवायचं असतं. शेजारी टेंबऱ्यांनी आजोबांच्या खोलीतला वाटा मुलांच्या खोलीत वळवलाय. आजोबांचीच इच्छा होती म्हणतात."

टेंबरे आजोबांचं खोकणं मला भिंतीतून ऐकू यायचं. बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. मला वाटलं होतं, बरे झाले.

मी वाटीत डाळ वाढली, वर तूप सोडलं आणि दुदारीत ठेवून आतलं दार लावलं. त्या दारालाही काच आहे; इतके दिवस मी कधी वाकून बघितलं नव्हतं. आज बघितलं. हवा वाया जाऊ नये म्हणून पंपाने खणातली सगळी हवा सुस्कारा टाकत शोषून घेतली आणि खाली ना शेगडी ना निखारा, तरी डाळ वाटीतल्या वाटीत खदखदून उकळायला लागली. तूप काठावरून ओघळलं. मग उकळी बसली. केतकीने वाटी उचलली तेव्हा तिच्यातून वाफही येत नव्हती. असं गार जेवण पोरीने दोन महिने गिळलं आणि उलट "छान झालंय" म्हणत राहिली.

माझं माहेर मोठं होतं, सासरही मोठं. पण माझ्यासाठी स्वतःच्या छातीतली हवा कुणी काढून दिली नव्हती.

"नळी घेतली तर मी किती जगेन?" मी विचारलं.

"जगाल. पण या हवेत जितकं जगाल, तितकं नाही. आई, हे आहे तसंच राहू दे. माझं चाललंय."

मी काचेवर हात ठेवला. तिने पलीकडून ठेवला. तिची नखंही निळी होती. मग मी घरातल्या माणसाशी बोलायचं त्या आवाजात बोलले.

"ऐक, केतकी. मला न विचारता माझ्या घरात कारभार केलास, खोटं बोललीस, आणि मला माझ्या काढ्याचं कौतुक करू दिलंस. याची शिक्षा तुला होणार. आजपासून या खोलीतली हवा उतरवायला घे, हळूहळू, मला बुडबुडे नकोत. तुझा वाटा तू परत घ्यायचास. डॉक्टरला सांग, काकू नळी घालून घेणार आहेत. आणि नळी असली की मला शेगडीशी जाता येत नाही, तेव्हा माझ्या चुलीपुढे तू उभी राहशील, मी खाटेवरून सांगेन तसं करशील, आणि माझ्या शेजारी बसून गरम जेवशील. पाच शिट्ट्यांची डाळ. कच्ची राहिली तर बोलणी खाशील. चल, काम सुरू कर."