टेकडीवरचा बावटा

जयवंत गवस मोजणी खात्यात चौतीस वर्षे काढून निवृत्त झाला. त्याची मापे कधी चुकत नाहीत आणि चहाला तो कधी नाही म्हणत नाही, एवढ्या दोन गोष्टी सगळ्या पेडण्याला ठाऊक होत्या. तिसरी एकट्या त्यालाच ठाऊक आहे असे तो समजे, आणि ती तो जिभेवर येऊ देत नसे.

त्या मार्चमध्ये तो मुलीला म्हणाला, "ज्योती, माका तुझ्या कयाकातसून टेकडीकडे व्हर. मोजणीचो एक जुनो फातर बगूचो आसा."

ज्योती शापोरा नदीत पर्यटकांना कयाकने, दोघांच्या चिंचोळ्या होडीने, फिरवायची. टेकडीची पूर्वीची वाट चिरेखाणीने खाऊन टाकली होती. आता खारफुटीतून पाण्याने जायचे आणि पुढे झाडोरा तोडत चढायचे. बापाला या वयात जुने दगड बघायची हौस सुटलेली पाहून तिला गंमत वाटली.

हौस कसली! जत्रेत त्याला शेवंती भेटली होती. त्याच्या हाताखाली बावटा धरणाऱ्या बाबलीची विधवा. तिने रागही केला नाही. हळूच म्हणाली, "सायबा, ते अजून थंयच आसत... दुपारचो बावटो दिसता. तुमी सांगल्याबगर ते कशे येतले?"

गोष्ट एकोणनव्वदच्या मे महिन्यातली. गोवा घटक राज्य होऊन दोन वर्षे झाली होती, मोजणीची घाई होती. बाबली टेकडीवर, खुणेच्या दगडावर बावट्याची काठी धरून उभा राही, आणि जयवंत नदीपलीकडून दुर्बिणीने कोन मोजी. काम संपले की तो तीनदा आरसा चमकवी. तोवर बाबली जागचा हलत नसे, कारण काठी जराशी कलली तरी दिवसाचे काम फुकट जाई.

त्या दुपारी निरोप आला, मुलगी झाली. जयवंत तसाच घराकडे पळाला. आरसा खिशातच राहिला. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, वीज पडली. बाबली दुसऱ्या दिवशी दगडापाशीच सापडला, मूठ काठीवर आवळलेली. सगळे म्हणाले नशीब, आणि जयवंतनेही मान खाली घालून तेच म्हटले. त्या दिवशी जन्मलेली मुलगी म्हणजे ज्योती. तिचा वाढदिवस त्याला सव्वीस वर्षे गोड लागला नव्हता.

कयाकात ज्योती पुढे बसली. जयवंत नदीकाठी वाढलेला, म्हणून दिशा सांभाळायला तो मागे. खारफुटीत शिरल्यावर वारा पडला. वल्ह्यांचा तेवढा आवाज.

"बाबा, सुकती लागान पाणी उतरच्या आदी परत ये. नायतर होडी चिखलात रुततली."

कोयता आणि नारळ घेऊन तो एकटाच चढला. करवंदीने हात ओरबाडले, धाप लागली. अर्ध्यावर किडे किर्र ओरडत होते, ते एकदम थांबले. वर पोचताच जळक्या लाकडाचा वास आला. जळलेले तर काहीच दिसत नव्हते.

दगड तिथेच होता. त्यावर काठी उभी होती, सरळ, ओळंब्यात, धरणारे कुणी नसताना. वर विटलेला बावटा.

जयवंत पळाला नाही. एवढे तरी आपण देणे लागतो, असे त्याला वाटले. त्याने नारळ फोडला, हात जोडले.

"बाबली... चूक माझी. कोणाक सांगाक धीर झालो नाय. काम झाला रे... सुटलंस तू. घरा जा..."

क्षणभर काहीच झाले नाही. मग काठी हळूच कलली.

आणि जयवंतचा हात आपसूक पुढे गेला. खुणेवरची काठी कलू द्यायची नाही, हे त्याच्या अंगात इतके मुरले होते, की त्याने विचार करण्याआधीच ती पकडली.

काठी गरम होती, आत्ताच कुणी सोडल्यासारखी. त्याने मूठ उघडू पाहिली. उघडेना. पाय उचलू पाहिला. उचलेना. इतका घाबरला तो, की आधी त्याला देवाचे नावही आठवेना.

खाली खारफुटीच्या फटीत कयाक दिसत होते. पाणी उतरू लागले होते, म्हणून ज्योती पुढच्या जागी तयारीत बसली होती. झाडीतून एक माणूस आला आणि मागे चढला. होडी जराशी दबली. ती वळली नाही.

"बाबा, इतक्या बेगीन इलंस? गावलो फातर?"

पाण्यावरून तिचा शब्द न् शब्द वर येत होता. जयवंतने जीव खाऊन हाक मारली. "ज्योती... अगो, मी हंय आसय..." घशातून नुसता वारा आला.

त्या माणसाने वल्हे उचलले. कयाक उघड्या नदीत आले, तेव्हा ज्योतीने एकदाच मान वर करून टेकडीकडे पाहिले.

"बाबा, पळय... वयर कोण उबो आसा बावटो धरून?"

मागच्या माणसाने तिकडे पाहिलेही नाही.

"आसतलो कोणतरी," तो जयवंतच्या आवाजात म्हणाला. "तू वल्हय."