बादलीतलं पीक

प्रेमात पडायला लोक कुठे कुठे जातात. बागेत जातात, ग्रंथालयात जातात, काही धाडसी माणसं नातेवाइकांच्या लग्नातही जातात. ती घोड्यांच्या पागेमागे लीद आणायला गेली होती. नाकाला घट्ट रुमाल बांधलेला, हातात रिकामं पोतं. अशा वेळी मनात प्रेमाचा विचार यायला जागा नसते.

ती दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवायची. दिवसभर प्लास्टरच्या साच्यांतून परक्यांचे जबडे काढायचे आणि त्यांना घासूनपुसून चमक आणायची, हे तिचं काम. ते ती उत्तम करायची. पण आपण हात न लावताही जगात काहीतरी वाढावं, असं तिला अलीकडे वाटू लागलं होतं. म्हणून तिने घरी अळिंबी, म्हणजे मशरूम, लावायचं ठरवलं. पांढरी, गोल, बटणासारखी. त्या अळिंबीला कंपोस्ट लागतं, आणि कंपोस्टला गव्हाचं काड नि घोड्याची लीद.

ढिगापाशी एक तरुण आधीच पोतं भरत होता. फावडं एकच होतं आणि ते त्याच्याकडे होतं.

"तुम्हीसुद्धा अळिंबीसाठीच?" त्याने विचारलं.

"नाही, घोडा पाळायचाय," ती रुमालातून म्हणाली. "सुरुवात शेवटाकडून करतेय."

त्याने यावर गंभीरपणे विचार केला. मग फावडं तिच्याकडे दिलं.

"उरलेला घोडा मिळाला की कळवा. गादी मी शिवून देईन."

तो गाद्या शिवायचा. थोरल्या भावाचं गाद्यांचं दुकान होतं आणि मागच्या कारखान्यात हा कापूस पिंजून घेण्यापासून टाके घालण्यापर्यंत सगळं बघायचा. हे सगळं तिला पोती भरता भरता कळलं. आणखी एक गोष्ट कळली: छोटा ढीग तापत नाही. काड आणि लीद भिजवून ढीग रचला की तो आतून तापावा लागतो, तरच कंपोस्ट होतं. आणि तिचं एक पोतं किंवा त्याचं एक पोतं यांतून नुसतीच दुर्गंधी झाली असती. दोन्ही एकत्र केली तर जमण्यासारखं होतं. पागेच्या राखणदाराने मागचा कोपरा वापरायला दिला. त्याला कुणीतरी ढीग कमी करतंय याचाच आनंद होता.

अशा रीतीने दोघांचा संसार आधी लिदीत सुरू झाला.

ढीग अधूनमधून उपसून उलटा करावा लागतो. ती दोघं रविवारी सकाळी यायची, समोरासमोर उभी राहून दाताळ्यासारखे लोखंडी पंजे चालवायची. थंड हवेत मधून वाफेचा लोट उठायचा आणि तिच्या चष्म्यावर बसायचा. चष्मा पुसून वर पाहिलं की तो पाहत असायचा. कुठे, हे तिला नक्की सांगता आलं नसतं. तो लगेच काडाकडे पाहायचा आणि काहीतरी तांत्रिक बोलायचा.

ढीग तयार झाला की नाही हे वासावरून ठरवतात. अमोनियाचा तिखट वास गेला पाहिजे. एका सकाळी त्याने ओंजळभर कंपोस्ट पुढे केलं आणि दोघं त्यावर वाकली. कपाळाला कपाळ लागायला बोटभर अंतर उरलं.

"डोळ्यांत पाणी येतंय?" त्याने हळूच विचारलं.

"थोडं..."

"म्हणजे अजून अमोनिया आहे."

"असेल," ती म्हणाली. पण ती मागे झाली नाही, आणि अमोनियाचा त्यात किती हात होता कुणास ठाऊक.

कंपोस्ट तयार झाल्यावर ते पिंपात वाफवलं, गार केलं, त्यात बियाणं मिसळलं आणि टब भरून तिच्या घरच्या अडगळीच्या खोलीत ठेवले. एका भिंतीशी तिची रांग, दुसऱ्या भिंतीशी त्याची. ही खोली आईला शिलाई मशीनसाठी हवी होती. आईने टबांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि मशीन आणखी काही दिवस कॉटखाली राहील असं सांगितलं. आई फार बोलत नसे. त्यामुळे तिचं ऐकावं लागे.

टबांत पांढऱ्या तंतूंचं जाळं पसरलं, तेव्हा वरचा थर द्यायचा दिवस आला. पीटची काळी भुसभुशीत माती, त्यात खडूची पूड, आणि मुठीत दाबल्यावर जेमतेम थेंब सुटेल इतकं पाणी. तिने पहिल्या टबावर थर पसरला, टब दोन्ही हातांनी उचलला आणि जमिनीवर धपाधप आपटला.

त्याने झेपावून टबाची कड धरली. "अहो, काय करताय?"

"बुडबुडे काढतेय." प्लास्टर ओतल्यावर ती रोज हेच करायची. साच्यात बुडबुडा राहिला की दाताला खड्डा पडतो.

"दातवाल्या मॅडम, त्याला बुडबुडेच हवेत. श्वास घ्यायचा असतो त्याला." त्याने दबलेला थर बोटांनी उसकटला, कापूस मोकळा करावा तसा. मग तिचा हात धरून त्याच मातीत ठेवला. "असं... हलकं. निजवायचं, ठोकायचं नाही."

"आणि यातून ते खातं काय?"

"काहीच नाही. खाणं सगळं खाली. वर नुसता ओलावा आणि मोकळी हवा. पोट भरलं की मग त्याला इथे डोकं वर काढावंसं वाटतं."

हात मातीतून बाहेर निघायला जरा वेळ लागला. दारात आई चहाचे कप घेऊन उभी होती. तिने कप ठेवले आणि चहा थंड झाल्यावर सांगायला परत आली.

सगळं सुरळीत चाललेलं असताना पुढच्या रविवारी तो फवारणी करता करता सहज म्हणाला, की दादाने दुसऱ्या गावात दुकानाची शाखा काढली आहे. ती सांभाळायला याला जावं लागणार होतं. दादा घाई करत होता, पण हा म्हणाला होता, एवढं अळिंबीचं पीक आलं की येतो.

"छान," ती म्हणाली. "मोठं आहे का गाव?"

"बरंच."

"तिथे पागा असेलच."

"विचारलं नाही," तो म्हणाला आणि तोच टब पुन्हा फवारू लागला.

त्या रात्री ती नीट झोपली. निदान आईला तिने तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तिने अडगळीच्या खोलीचं दार लावून घेतलं, आपल्या रांगेतला एकेक टब उचलला आणि जमिनीवर आपटला. शास्त्रशुद्ध. बुडबुडा म्हणून उरू दिला नाही. वरून करणीने घोटून थर असा गुळगुळीत केला की त्यावर कवळी बसवता आली असती. पीक आलं नाही तर तो जाणार नाही, इतकं साधं गणित होतं. त्याच्या रांगेला मात्र तिने हात लावला नाही. काही मर्यादा असतात.

पुढे हे रोजचंच झालं. आईने दोनदा विचारलं, आत काय आपटतंय. ती म्हणाली, काम चाललंय.

रविवार येत राहिले. तिच्या टबांत काही उगवलं नाही, हे समजण्यासारखं होतं. पण त्याच्याही टबांत उगवलं नाही. तो दर वेळी येताना पिशवीभर पीट आणायचा, जरा डागडुजी करतो म्हणायचा. मग दोघं खेदाने माना हलवायची. हवा बदलली असेल. बियाणं जुनं असेल. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या टबात नीट पाहिलं नाही. त्या खोलीत पाहण्यासारखं इतर बरंच होतं.

मग एका रविवारी आईने दोघांना मागच्या जिन्यावर बोलावलं. तिथे खिडकीखाली फरशी पुसायची जुनी बादली होती. टब भरताना उरलेलं कंपोस्ट आईने पोतं हवं होतं म्हणून त्या बादलीत ओतलं होतं, वर सांडलेलं पीट झाडूने गोळा करून टाकलं होतं, आणि येता-जाता पाण्याचा हात मारला होता. बादली आता दिसत नव्हती. वर नुसती पांढरी डोकी, एकमेकांना ढकलत, काठावरून वाकून पाहत होती.

"आम्हाला काही यातलं कळत नाही," आई म्हणाली आणि सुरी आणायला गेली.

मग तो आत गेला, तिच्या एका टबावर त्याने बोटाने टकटक केलं. आवाज फरशीसारखा आला.

"हे..."

"मी ठोकलं," ती म्हणाली. "रोज."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग आपल्या टबापाशी बसला आणि थरात बोट घातलं. बोट गेलं, मनगट गेलं. दर रविवारी आणलेलं पिशवीभर पीट तिथे होतं. खाली बिचारे तंतू रजईखाली गुदमरल्यासारखे पडले होते.

"मी पांघरूण घालत गेलो," तो म्हणाला. "मला... जायचं नव्हतं. आणि तसं सांगायला काही निमित्तही नव्हतं."

तिने चष्मा काढून पुसला. त्यावर वाफ नव्हती.

"आता दादाला काय सांगू?" त्याने विचारलं. "पीक आलं की येतो म्हणालोय. मी शब्द मोडत नाही."

"मोडू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या टबात आलंय?"

"नाही."

"माझ्या?"

"नाही."

"मग पीक कुठे आलंय?"

त्याने मागच्या जिन्याकडे पाहिलं. "ती बादली?"

"ती आईची आहे."

संध्याकाळी तिघांनी बादलीतला पुरावा लोण्यात परतून खाल्ला. जेवल्यावर त्याने दादाला फोन लावला आणि अत्यंत प्रामाणिकपणे सांगितलं की पीक अजून आलेलं नाही. दादाने विचारलं, येईल तरी कधी. त्याने समोर पाहिलं. ती ताटं गोळा करत होती आणि नाही म्हणून मान हलवत होती.

शाखा पुढे दादाच्या मेहुण्याने सांभाळली. शिलाई मशीन अजून कॉटखालीच आहे. अडगळीच्या खोलीत आता टबांची एकच रांग असते, थर दोघं मिळून देतात, आणि येईल ते पीक दाराबाहेर जायच्या आत आईच्या नावावर चढवतात.